खांबावरची शाळा

कूलरच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायला माणूस आला की माझा उन्हाळा सुरू होतो. खसवर पहिलं पाणी पडतं, घरभर ओल्या गवताचा वास पसरतो, आणि त्या वासावर नागपूरचा माणूस पुढचे महिने कसेबसे काढतो. नेमकं त्याच आठवड्यात बाहेर रस्त्यावरच्या विजेच्या खांबांना बॅनर फुटतात. प्रवेश सुरू. मर्यादित जागा. वर गळ्यात टाय बांधलेली, हात बांधून उभी असलेली हसरी मुलं. ही मुलं नागपूरची नसावीत असा माझा जुना संशय आहे. एप्रिलमध्ये गळ्यात टाय बांधून इतकं हसणं आमच्याकडच्या मुलांना जमायचं नाही.

हल्ली मी शिकवते ती शाळा सदर भागात आहे. जाताना सिग्नलला थांबले की मी प्रत्येक बॅनरचा खालचा कोपरा वाचते. तिथं परवान्याचा क्रमांक छापलेला असावा, असा नियम आहे. मला अजून तरी तो क्रमांक सापडलेला नाही. मागं बसलेली माझी मुलगी ओरडते, "आई, सिग्नल सुटला न!" मागचे हॉर्न वाजवत असतात. मी गाडी पुढं काढते आणि दिवसभर मग कशातच मन लागत नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा माझी शाळा जरीपटक्याच्या बाजारामागच्या एका गल्लीत होती. मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. पुढं पत्र्याचा व्हरांडा, बाजूला झोका टांगलेला कडुनिंब, आणि मधल्या सुटीत बाजारातून येणारा दाल-पकवानचा वास. गल्ली इतकी आत होती की बाजारात वर्षानुवर्षं दुकान चालवणाऱ्यालाही आमची शाळा माहीत नसायची. शिक्षकांना उन्हाळ्यात काय काम असतं, असं लोक विचारतात. काम असतं. आम्ही मुलं मागतो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा ठेवून, दारोदार जाऊन म्हणतो, तुमचं लेकरू आमच्याकडे टाका. गणवेश देऊ, पुस्तकं देऊ, आणायला-सोडायला आम्ही येऊ. कुणी पाणी देतं, कुणी दार अर्धंच उघडतं.

त्या वर्षी संस्थेनं मार्चमध्येच सांगून टाकलं होतं, पहिलीचा वर्ग भरला तर शाळा चालेल, नाही तर यंदा कुलूप. वरच्या वर्गांत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पहिलीत तर एकही नाव आलं नव्हतं. आम्ही उन्हातून फिरत होतो आणि जिथं जाऊ तिथं एकच ऐकत होतो. एका तरुण आईनं तर मला हाताला धरून फाटकाबाहेर आणलं आणि चौकाकडे बोट दाखवलं. "ते पाहा न मॅडम, त्या शाळेचे बॅनर. चौकभर आहे. तुमची शाळा आहे कुठं? मले तर कधी दिसली नाही."

हे मी मेश्राम मॅडमना येऊन सांगितलं. मेश्राम मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीला आलेल्या, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या, आणि ते खरं मानणाऱ्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथंच नागपुरात दीक्षा घेतली होती. गिरणीत मजुरी करायचे, पण घरात जेवताना बोलणं हक्कांचं आणि कायद्याचं. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आपणही लावू खांबावर बॅनर."

व्हरांड्यात बसलेल्या आम्हा सगळ्या शिक्षकांच्या अंगात एकदम जीव आला. कुणी फ्लेक्सवाला ओळखीचा काढला, कुणी शिडी आणतो म्हणालं. उद्याच लावून टाकू, असं ठरत होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "परवानगी काढून लावू."

"मॅडम, कोणीच काढत नाही परवानगी," मी म्हटलं.

"माहीत आहे मले. पण आपल्याले जे भेटलं ते कायद्यानं भेटलं. मंग आपणच तो कसा मोडायचा? सातवीच्या पोरांले मी वर्गात काय शिकवून राहिली वर्षभर?"

मॅडमचं बरोबर होतं. आजही आहे. आणि तरी आजही मला त्या वाक्याचा राग येतो. राग मॅडमचा येतो की ज्या गावात ते वाक्य बोलणाऱ्याचं हसं होतं त्या गावाचा, हे मला नीट सांगता यायचं नाही.

ज्या ऑफिसात मॅडम आणि मी परवानगीचं विचारायला गेलो त्याचं नाव मी घेत नाही. सगळी ऑफिसं आतून सारखीच असतात. कोपऱ्यात माठ, माठावर साखळीनं बांधलेला पेला, आणि कूलर फक्त साहेबांच्या खोलीत. टेबलामागचे बाबू वयानं माझ्याएवढेच, मानेवर ओला दुपट्टा टाकून बसलेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर भांडून तरी झालं असतं.

"कोणाचा वाढदिवस आहे मॅडम?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"वाढदिवस नाही. शाळेचे प्रवेश आहेत."

"फोटो कोणाचा टाकून राहिले?"

"कोणाचाच नाही."

आता त्यांनी मान वर केली. "बिना फोटोचं बॅनर? मंग लोक पाहतीन काय?"

"वाचतील," मॅडम म्हणाल्या.

बाबूंनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही उन्हात चक्कर येऊन आत शिरलो आहोत. त्यांनी आम्हाला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू काय मॅडम? लावून टाका. कोण विचारून राहिलं?"

"तुम्हीच असं म्हणता?"

"मी म्हणून नाही राहिलो, मॅडम. मी फक्त सांगून राहिलो."

मग त्यांनी काय काय लागेल ते सांगितलं. संस्थेचं पत्र, मजकुराचा नमुना, रस्त्याचा नकाशा. वाहतूकवाल्यांची हरकत नाही असा कागद, दिवाबत्तीवाल्यांची हरकत नाही असा दुसरा. ज्या ज्या खांबावर बॅनर लागणार त्याचा क्रमांक. आणि बॅनर आधी छापून ठेवायचं नाही, कारण परवान्याचा क्रमांक त्याच्यावर छापलेला पाहिजे. मॅडम हे सगळं मन लावून लिहून घेत होत्या. एखाद्या गोष्टीला नियम आहेत म्हणजे ती होणार, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

खांबांचे क्रमांक घ्यायला आम्ही दोघी निघालो तेव्हा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं, आणि गुलमोहर एवढा फुलला होता की बघवत नव्हता. बाजाराच्या तोंडापासून आमच्या गल्लीपर्यंत एकेका खांबाखाली उभं राहून आम्ही वर पाहायचो. कुठं क्रमांकावर पोस्टर चिकटलेलं, कुठं रंग उडालेला, कुठं कुणाच्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर आडवं आलेलं. मॅडम रुमालानं चष्मा पुसायच्या, टाचा उंच करायच्या आणि आकडा वाचायच्या. मी लिहायची. दोघींच्याही डोक्याला दुपट्टे, फक्त डोळे दिसणारे.

एका घराच्या फाटकातून एक बाई बाहेर आली. "लाइटवाल्या का वं तुम्ही? आमच्या खांबाचा दिवा दिवाळीपासून बंद आहे."

"आम्ही शाळेच्या आहोत," मॅडम म्हणाल्या.

"शाळेच्या? मंग खांबाकडे काहून पाहून राहिल्या?"

मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला त्यात काडीचाही रस नव्हता. तिचा मुलगा मोठा होता, नातू अजून व्हायचा होता आणि दिवा बंद होता. दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायला गेलो तेव्हा मॅडमनी त्या दिव्याचीही रीतसर तक्रार लिहून दिली. आठवड्याच्या आत तो दिवा लागला. ती बाई शाळेत सांगायला आली, सोबत कैरीचं लोणचं घेऊन. तो दिवा लागला नसता तर फार बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. त्या दिव्यानं मॅडमचा विश्वास पक्का केला. त्या दिवसापासून शिडी आणि रातोरात लावून टाकण्याची भाषा शाळेत कुणी काढू शकलं नाही.

आणि मग ते वाट पाहणं. त्याबद्दल काय लिहावं? उन्हाळ्याच्या दुपारी नागपुरात वेळ पुढं सरकत नाही, हे इथं राहिलेल्याला सांगायला नको. फाइल वाहतूकवाल्यांकडे गेली आहे. फाइल आली आहे, पण साहेब प्रशिक्षणाला गेले आहेत. साहेब आले आहेत, पण नकाशावर शाळेचा शिक्का एका कोपऱ्यात नीट उमटलेला नाही. आम्ही शिक्का पुन्हा मारून आणला. बाबू बिचारे दर वेळी उठून माठातलं पाणी द्यायचे. "होऊन राहिलं मॅडम, होऊन राहिलं," म्हणायचे. खिडकीतून समोरचा खांब दिसायचा. त्यावर दर आठवड्याला नवा चेहरा असायचा. कधी भावी कुणीतरी, कधी माजी कुणीतरी, कधी कोचिंग क्लासचा पहिला आलेला मुलगा. परवानगी द्यायच्या ऑफिससमोरचाच खांब, आणि त्यावरचं एकही बॅनर परवानगीचं नाही. मी ते मॅडमना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि फाइलची पिशवी मांडीवर सरळ करून पुन्हा समोर बघायला लागल्या.

इकडे गल्लीतल्या मुलांची नावं एकेक करून दुसरीकडे लागत होती. हाताला धरून चौकातले बॅनर दाखवणाऱ्या त्या आईनं मुलाला टायवाल्या शाळेत घातलं. रस्त्यात भेटली तेव्हा तोंड चुकवलं नाही, उलट थांबून म्हणाली, "मॅडम, राग नका मानू." कशाचा राग मानणार? तिनं चौकात पाहिलं होतं आणि तिला आमची शाळा दिसली नव्हती.

मी पुष्कळदा विचार करते, की माणसं निराश कधी होतात. एखादा जोराचा धक्का बसला की होतात, असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. मला नकार कुणीच दिला नाही. प्रत्येक जण गोड बोलला, प्रत्येकानं पाणी दिलं. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता, आणि त्या सगळ्या बरोबर कागदांच्या मधून आमचा उन्हाळा निघून गेला. कुणाच्या नावानं बोटं मोडावी हेही कळत नाही. अशी निराशा बाहेर पडत नाही, अंगातच मुरून बसते.

परवानगी आली ती जूनच्या अगदी शेवटी, विदर्भातल्या शाळा उघडतात त्या आठवड्यात. बाबूंचा फोन आला. आवाजात खरा आनंद होता. "मॅडम, पेढे आणा! झालं तुमचं. शाळेचा असा अर्ज माह्या हातून पहिल्यांदाच पास झाला." मॅडमनी पेढे नेले. तिथंच उभं राहून परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, अटींसकट. मग माझ्या हातात दिला.

फ्लेक्सवाल्यानं एका दिवसात छापून दिले. लावायला गेला तर परत आला. "मॅडम, खांब खाली कुठं आहे? साऱ्यांवर भाऊ लोक लटकून राहिले." शेवटी भाऊ लोकांच्या खाली, जिथं जागा मिळेल तिथं, आमची शाळा बांधली गेली. पांढऱ्यावर निळी अक्षरं. शाळेचं नाव, मराठी माध्यम, पहिलीचे प्रवेश सुरू आहेत, बाजारामागे, कडुनिंबाजवळ. कोपऱ्यात बारीक अक्षरात परवान्याचा क्रमांक. संध्याकाळी आम्ही सगळे बाजाराच्या तोंडाशी जाऊन पाहून आलो. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. मॅडम प्रत्येक खांबाखाली थांबत होत्या. बाकीच्यांनी शाळेचं नाव वाचलं, त्यांनी क्रमांक वाचला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेची बैठक झाली. पहिलीचा वर्ग रिकामा होता. बॅनर नुकतेच लागले आहेत, महिनाभर थांबा, असं मॅडमनी परोपरीनं सांगितलं. शाळा उघडल्यावर प्रवेश कोण घेतं, असा प्रश्न आला. उरलेल्या मुलांना रेल्वेलाइनच्या पलीकडच्या शाळेत पाठवायचं ठरलं, आम्हा शिक्षकांना जिथं जागा असेल तिथं. मुलांचे दाखले आम्ही व्हरांड्यात बसून लिहिले.

कुणीतरी विचारलं, खांबावरचे बॅनर उतरवून आणू का? मॅडम म्हणाल्या, "मुदत आहे तोवर राहू दे. हक्काचे आहेत."

पुढच्या आठवड्यात रस्त्यावर बेकायदा बॅनर काढणारी गाडी आली. वर्षातून कधीतरी येते, त्या वर्षी नेमकी तेव्हा आली. सगळे भाऊ उतरले, माजी उतरले, भावी उतरले, टायवाली हसरी मुलं गुंडाळून गाडीत पडली. माणसं आमच्या बॅनरपाशी यायची, कोपऱ्यातला क्रमांक बघायची आणि पुढच्या खांबाकडे जायची. दुपारपर्यंत बाजारापासून गल्लीपर्यंत सगळा रस्ता स्वच्छ झाला. खांबाखांबावर एकटी आमची शाळा होती. मी दुकानाच्या सावलीत उभी राहून ते पाहिलं. हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

मेश्राम मॅडम आता घरीच असतात. मी अधूनमधून जाते. त्या वाळवणाचं बोलतात, गुडघ्यांचं बोलतात, माझ्या मुलीचा अभ्यास विचारतात. एकदा त्यांनी मध्येच विचारलं, "तुले काय वाटते, आपण तेव्हा लावूनच टाकायले पाहिजे होतं काय वं?" मी म्हटलं, "नाही मॅडम." त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला उठल्या. शाळा बंद झाल्यावर तिथं काय घडलं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

जुलैची दुपार होती. मी कपाटातले नकाशे मोजून संस्थेच्या माणसाच्या ताब्यात द्यायला गेले होते. तो अजून यायचा होता. फाटकाशी एक बाई उभी होती, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीचा फ्रॉक नवा होता, केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातलेल्या. बाईच्या पायांवर सिमेंटची पांढरी पूड होती.

"बाई, शाळा हेच हाय नं? खांबावर लिवली हाय थे?"

"हो, हीच."

तिचा चेहरा मोकळा झाला. ती नरखेड तालुक्यातली होती. नवरा इथं बांधकामावर लागला म्हणून पंधरवड्यापूर्वी आलेली. "लय फिरलो बाई आम्ही. कोणी काही धड सांगत नव्हतं. मंग हे बोर्ड दिसले. हे मले वाचता आले. म्या हिच्या बापाले म्हटलं, रस्ताभर ह्याच शाळेचे बोर्ड हायत, म्हंजे शाळा मोठी असंन."

"शाळा बंद झाली," मी म्हटलं.

"मंग उद्या येऊ काय?"

मला पुन्हा सांगावं लागलं. आज बंद नाही, कायमची बंद. मुलगी फाटकाच्या गजांतून आत, कडुनिंबाखालच्या झोक्याकडे पाहत होती. मी रेल्वेलाइनच्या पलीकडच्या शाळेचा पत्ता सांगितला, कुठून वळायचं तेही सांगितलं. बाईनं ते ऐकून घेतलं. "आम्ही दोघंही सकाळीच कामावर जातो बाई. लाइन वलांडून लेकरू एकटं कसं जाईन?" ती मला विचारत नव्हती. विचारण्यात अर्थ नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

मग तिनं मुलीचा हात धरला, दोन पावलं गेली आणि वळली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग बाई, बोर्ड काहून लावले?"

"परवानगी मिळाली म्हणून," मी म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली. पोरीच्या डोक्यावर पदर धरून ती आली तशी, आमच्या बॅनरांखालून, एकेक खांब मागं टाकत बाजाराकडे निघून गेली.